उस्तादांचा गाल

माझे बाबा नाकातून दोरा काढायचे. म्हणजे असं, की आईच्या रिळाचा हातभर दोरा तोडायचा, टोक थुंकीने ओलं करून वळायचं, उजव्या नाकपुडीत सारायचं आणि चेहरा एखाद्या साधूसारखा शांत ठेवून डाव्या नाकपुडीतून बाहेर ओढायचं. मग दोन्ही टोकं धरून दोरा इकडून तिकडे सरकवायचा. गल्लीतली पोरं किंचाळत पळायची आणि लगेच दाराआडून डोकवायची. मोठी माणसं डोळ्यांवर हात ठेवायची आणि बोटांच्या फटीतून बघायची. माझ्या मैत्रिणी घरी येणार असल्या की मी सगळी रिळं कपाटात घालून कुलूप लावायचे. उपयोग शून्य. एकदा त्यांनी बुटाची नाडी वापरली.

घरात आम्ही तिघंच, बाबा, आई आणि मी. बाबा गल्लीच्या टोकाच्या प्लेटिंगच्या कारखान्यात टाकीवर होते. पितळेचे नळ, दारांच्या मुठी, खुर्च्यांचे पाय, असलं काहीबाही मळकट तिथे एका दाराने आत जायचं आणि दुसऱ्या दाराने तोंड बघण्याइतकं चकचकीत होऊन बाहेर पडायचं. मधे ती टाकी. तिच्यात गरम, लालभडक पाणी. त्यात वीज सोडली की बुडबुडे फुटायचे आणि पिवळसर वाफ वर यायची. त्या वाफेत नळांना चकाकी देणारं क्रोम असतं आणि ते नाकात जाऊन बसतं. आधी नाक वाहतं, मग रक्त येतं, मग खपल्या धरतात आणि एक दिवस दोन नाकपुड्यांमधल्या पडद्याला आरपार भोक पडतं. त्यानंतर दुखत नाही, कारण दुखायला तिथे काही उरलेलंच नसतं.

दुसऱ्या कुठेही माणूस अशा वेळी डॉक्टरकडे पळाला असता. बाबांच्या कारखान्यात तो चहा पाजायचा. रीतच होती तशी. ज्याचं नाक 'उघडलं' त्याने अख्ख्या खात्याला चहा द्यायचा, सगळ्यांनी त्याच्या नाकात बॅटरी मारून खात्री करून घ्यायची, आणि मग तो पक्का प्लेटिंगवाला. तोवर तो कितीही राबलेला असो, त्याला 'बंद नाकाचा' म्हणत आणि टाकीवर एकटं सोडत नसत. बाबांचं नाक म्हणे वर्षाच्या आतच उघडलं होतं. हे ते अशा थाटात सांगायचे, की ऐकणाऱ्याला वाटावं शाळेत पहिला नंबर आला होता. कारखान्यात त्यांना सगळे उस्ताद म्हणत. गल्लीत ते दोरेकाका. आई 'अहो' म्हणायची आणि रागावली की तोच 'अहो' जरा लांबवायची.

वास मात्र त्यांना अजिबात येत नसे. दूध करपून धूर निघाला तरी बाबा शेजारी बसून पेपर वाचत असायचे आणि आम्ही धावत आलो की वर आम्हालाच सुनावायचे, "तुम्ही बायका फार नाकं मुरडता बुवा." ज्याला स्वतःचं नाक कामाचं उरलेलं नाही त्याने दुसऱ्यांच्या नाकांवर किती बोलावं, याला काही मर्यादा? पण बाबांना नव्हती.

टाकीतलं पाणी अंगावर उडालं की कापड खातं. त्यामुळे बाबांचे कामाचे कपडे म्हणजे नुसती चाळणी. आई ते रोज हाताने धुवायची आणि संध्याकाळी दिव्याखाली बसून रफू करायची. दोरा ओठांत धरून ओला करायचा, सुईत ओवायचा, भोक विणून भरायचं, गाठ मारायची आणि दाताने कट्‌कन तोडायचं. मग पुढचं भोक. कात्री समोरच पडलेली असायची. पण कात्री उचलून खाली ठेवेपर्यंत दुसरं भोक भरून होतं, असं तिचं म्हणणं. जाड शिवणीत सुई अडकली तर ती कापडच दातात धरून ताणायची. ते रफू इतकं सुरेख असायचं, की कारखान्यातले बाकीचे लोक आपापल्या बायकांना ते दाखवायला न्यायचे आणि मग त्या बायका आईशी आठवडाभर बोलायच्या नाहीत.

तिच्या बोटांच्या पेरांवर बारीक गोल फोड यायचे, मधे खड्डा पडलेले, महिनोन्‌महिने न भरणारे. आईने दोष साबणाला दिला. तिने बाजारात येईल तो प्रत्येक साबण आणून पाहिला आणि कोपऱ्यावरच्या दुकानदाराशी कायमचं वैर घेतलं.

"हात खाणारा साबण विकता आणि वर तोंड करून बोलता?" असं ती त्याला भर दुकानात विचारायची. तो बिचारा साबणाची दुसरी वडी पुढे करायचा आणि मग तीही हात खायची.

"महाराणीचे हात ते," बाबा म्हणायचे. "एखादी दासी ठेव."

"ठेवली असती," आई म्हणायची. "पण राजाच हा असा, चाळणी घालून हिंडणारा."

मी कॉलेजात गेले त्या वर्षी कारखान्यात एक बाई यायला लागल्या. विद्यापीठात शिकवणाऱ्या, गळ्यात दोरीला चष्मा, हातात पिशवी आणि पिशवीत कांदे. त्यांनी कारखान्यामागच्या नाल्याचं पाणी पेल्यांमध्ये भरलं आणि प्रत्येक पेल्याच्या तोंडावर एकेक कांदा बसवला, बूड पाण्यात. शेजारी तसेच पेले चांगल्या पाण्याचे. चार दिवसांत चांगल्या पाण्यातल्या कांद्यांना लांबलचक पांढऱ्या दाढ्या फुटल्या. नाल्यातल्या कांद्यांना नुसते खुंट, तेही वाकडे आणि तपकिरी. साहजिकच सगळ्यांनी बाईंचं नाव 'कांदेवाली' ठेवलं. त्या नाल्याच्या काठाने फिरत विचारायच्या, इथे पूर्वी मासे होते का, बेडूक कधीपासून दिसत नाहीत.

"बाई, बेडूक शहाणे असतात," बाबा म्हणाले. "ते प्लेटिंग शिकायला येत नाहीत."

बाबांना गप्प बसवेल तर शपथ. एक दिवस जेवणाच्या सुट्टीत त्यांनी चांगल्या पाण्यातला एक कांदा उचलून नाल्याच्या पेल्यावर ठेवला आणि तिथला इकडे. बाईंनी येऊन चष्मा चढवला, दोन्ही कांदे उचलून बघितले आणि म्हणाल्या, "उस्ताद, दाढी झालेला कोण आणि न झालेला कोण, एवढं मला कळतं हो." सगळं खातं हसलं. बाबांना ही बाई आवडली. त्यांच्या खोड्या पकडणारं माणूस त्यांना नेहमीच आवडायचं, म्हणून तर आईशी लग्न टिकलं.

मग बाईंनी सगळ्यांना बसवून सांगितलं, की हे सगळं कशासाठी. मला ते बाबांनी घरी येऊन जसंच्या तसं ऐकवलं, वर बाईंची नक्कल करत. क्रोम म्हणे दोन जातींचं. एक गरीब. ते पेशीच्या दारात ताटकळत उभं राहतं, आत शिरायचं त्याला फारसं जमत नाही. टाकीतलं मात्र वेश पालटून येतं. पेशीला वाटतं आपल्या नेहमीच्या पाहुण्यांपैकीच कुणी, ती दार उघडते. आत गेल्यावर ते आपलं खरं रूप दाखवतं आणि घरातले धागे तोडायला घेतं. हे धागे म्हणजे ते, ज्यांच्यावर पिढ्यान्‌पिढ्यांचं सगळं लिहिलेलं असतं, नाक कसं असावं इथपासून.

"एका पेशीच्या दोन होतात ना, ती घराची वाटणीच समजा," बाई म्हणाल्या होत्या. "दोघा भावांना भांडी मोजून सारखी जातात. पण धागा तुटलेला असला, तर एखादा तुकडा कुणाच्याच वाट्याला जात नाही. अंगणात पडून राहतो. मी सूक्ष्मदर्शकातून ती अंगणात पडलेली भांडी मोजते. कांद्याच्या मुळात दिसतात, माशाच्या रक्तात दिसतात आणि माणसाच्या गालाच्या आतल्या कातडीतही दिसतात."

"आणि दिसली तर माणूस मरतो?" बफिंगवाल्याने विचारलं. बफिंगवाला म्हणजे नळ घासून गुळगुळीत करणारा, बाबांचा जुना दोस्त आणि पक्का भित्रा.

"नाही हो. तो आजार नाही, ती खूण आहे. पण रोजच भांडी हरवायला लागली, तर घर किती दिवस धड चालेल? त्यातून पुढे कर्करोग होऊ शकतो. जनावरांत तर पिल्लांपर्यंत दोष गेलेले दिसलेत. म्हणून आधी बघायचं."

इथवर ठीक होतं. पण हे सगळं मालकांनीही दारात उभं राहून ऐकलं होतं. मालक वाईट माणूस नाहीत असं बाबा म्हणायचे. मी म्हणते, चांगलं व्हायला त्यांना कधी वेळ मिळाला नाही, एवढंच. उद्या कुणाला काही झालं तर बोट आपल्याकडे नको, म्हणून त्यांनी तिथल्या तिथे जाहीर केलं, "ज्याच्या गालात ही भांडी जास्त निघतील, तो टाकीवर नाही. तो पॅकिंगला."

पॅकिंग म्हणजे मागची खोली. तिथे बसून चकचकीत नळ कागदात गुंडाळायचे आणि खोक्यात भरायचे. बाबांना एक वेळ फाशी चालली असती. पॅकिंगवाल्यांची त्यांनी इतकी टर उडवली होती, की आता तिथे जाऊन बसायचं म्हणजे सगळी परतफेड व्याजासकट व्हायची. आणि टाकी म्हणजे त्यांचा जीव होता, हेही खरं. चुकीच्या चकाकीचा नळ त्यांना चालत नसे. आमच्या घरचा नळ ते दर रविवारी बोटाने टिचकी मारून बघायचे आणि आईला म्हणायचे, "तुझ्या तोंडासारखा उजळलाय."

बाईंनी प्रत्येकाला एक छोटा ब्रश आणि झाकणाची बाटली घरी न्यायला दिली. सकाळी उठून, चहा-सिगारेटीच्या आधी चूळ भरायची, गालाच्या आतून ब्रश फिरवायचा, बाटलीतल्या पाण्यात बुडवायचा आणि घेऊन यायचं. कारखान्यात घ्यावं तर एकाचंही तोंड त्या वेळेपर्यंत स्वच्छ नसे.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी चूळ भरली नाही. त्यांनी आईला खुर्चीत बसवलं.

"तोंड उघड."

"कशाला?"

"मला टाकीवर राहायचंय म्हणून."

मी म्हणाले, "बाबा, ही फसवणूक आहे."

"फसवणूक कसली? अर्धांगिनी आहे ती माझी. अर्धं अंग तिचं, त्यात एक गाल आलाच." ते ब्रश घेऊन आईवर वाकले. "हिचा गाल कसा, घरात सावलीत वाढलेला. टाकीचं तोंडसुद्धा बघितलेलं नाही. बाईंना एक भांडं सापडलं तर नाव बदलीन."

आईला हसू आवरत नव्हतं. तिने तोंड उघडलं आणि बाबा डॉक्टरसारखे डोळे बारीक करून आत बघायला लागले. "एवढी वर्षं झाली लग्नाला," ते म्हणाले, "तुझं तोंड उघडं आहे आणि आवाज येत नाहीये, हे मी आज पहिल्यांदा बघतोय." आईने ब्रशसकट त्यांचं बोट चावलं.

काही आठवड्यांनी बाईंनी एकेकाला मालकांच्या खोलीत बोलावलं. मोठाले शब्द वापरले तर समजायला कुणी शिकलेलं हवं, म्हणून बाबांनी मला बरोबर नेलं. खोली मालकांची असल्यामुळे मालक उठायला तयार नव्हते. बाबा खुर्चीत मागे रेलून, पायावर पाय टाकून बसले. एवढं निर्धास्त माणूस त्या खुर्चीत त्या दिवशी दुसरं कुणी बसलं नसेल.

बाई जरा घुटमळल्या. "उस्ताद, सरळच सांगते. सगळ्या खात्यात तुमचा गाल सर्वांत वाईट आहे."

बाबा हसले. "शक्य नाही."

"मी दोनदा मोजलं."

"शंभरदा मोजा. शक्यच नाही!"

मालकांनी सुस्कारा सोडला. "उस्ताद, मलाही वाईट वाटतंय. पण ठरलं ते ठरलं. उद्यापासून पॅकिंग."

पॅकिंग म्हटल्यावर बाबांचा तोल सुटला. त्यांनी टेबलावर थाप मारली. "अहो, पण तो माझा गालच नाही! लबाडी केलीय मी, सरळसरळ लबाडी!" इतकी छाती पुढे काढून लबाडी कबूल करणारा माणूस मी अजून दुसरा पाहिलेला नाही. "दुसऱ्याच माणसाचा गाल आहे तो. टाकीच्या वाऱ्यालासुद्धा उभं न राहिलेल्या माणसाचा. घरीच असते ती दिवसभर. ही माझी मुलगी, तिला विचारा. हिच्या आईचा..."

आणि तिथे ते थांबले.

तोंड उघडं होतं, हात टेबलावर तसाच. करायला गेलो काय आणि झालं काय, हे त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू उतरत गेलं. मलाही त्याच क्षणी कळलं.  बाईंनी चष्मा काढून हातात घेतला.

सर्वांत आधी सावरले ते मालक. "म्हणजे हा गाल तुमचा नाही?" त्यांचा चेहरा उजळला. "मग झालं तर! राहा टाकीवर. मिसेस काही आपल्या कामगार नाहीत."

बाबांना हवं होतं ते सगळं मिळालं होतं. ते उठले आणि बाहेर पडले. त्यांना मस्करी सुचली नाही असा तो पहिलाच प्रसंग. मला त्यांची भीतीच वाटली.

बाई आमच्याबरोबर घरी आल्या. आई उंबऱ्यात उजेडाला बसून बाबांचा शर्ट रफू करत होती. पाहुणी बघून ती गडबडीने उठायला लागली. हातातलं टाकून उठावं कसं, म्हणून तिने आधी गाठ मारली, शर्ट तोंडाजवळ नेला आणि कट्‌कन दोरा तोडला.

"थांबा," बाई म्हणाल्या.

आईचा दोरा ओठांतच राहिला.

"असं रोज करता?"

"काय? रफू? रोज म्हणजे काय, यांचे कपडे एक दिवस सुट्टी देत नाहीत."

बाईंनी तिचे हात हातात घेतले, पेरांवरचे ते गोल फोड उलटसुलट करून पाहिले. मग उंबऱ्यातच तिच्या शेजारी बसून सगळं सांगितलं. धुताना बोटांना लागतं ते टाकीतलंच. कोरडे कपडे झटकताना उडतं ते टाकीतलंच. धुतलं तरी शिवणीत बसून राहतं आणि तीच शिवण आई रोज तोंडात धरते. बाबा भिंतीला टेकून उभे होते. पहिल्यांदा त्यांनी आईकडे बघितलं, मग शर्टाकडे, मग खाली.

"म्हणजे साबणाचा दोष नव्हता?" आईने विचारलं.

"नाही."

"अरे देवा! आणि त्या दुकानदाराला मी काय काय बोलले." आईला आधी त्याचंच वाईट वाटलं. मग ती म्हणाली, "मला काही झालंय का?"

"आज तरी काही दिसत नाही. हे बंद करा. गालाची कातडी नवी येते, पुन्हा मोजू. आणि एका मोजणीवर मी काही सांगत नाही. तुमचा आणि यांचा, दोघांचा गाल मी आता माझ्या हाताने घेणार."

आईने माझ्याकडे बोट केलं. तिचा आवाज बदलला होता. "आणि हिचं? ही पोटात होती तेव्हाही मी हेच करत होते."

बाईंनी खोटं सांगितलं नाही. म्हणाल्या, त्याचं उत्तर गालात मिळत नाही, पण मुलगी धडधाकट दिसतेय आणि विनाकारण घाबरू नका. हिने कधी रफू केलं का, हे मात्र त्यांनी विचारलं.

"हिने?" आई म्हणाली. "हिला सुई दाखवली की अभ्यास आठवतो. कामचुकार आहे नुसती." आणि मग डोळे पुसत म्हणाली, "बरं झालं, बाई, कामचुकार निघाली ते."

बाईंनी दोघांचे गाल घेतले. निकाल आला तेव्हा बाबांचा गाल वाईट होता, पण आईचा त्याहून वाईट. टाकीवर निदान हातमोजे होते, हातात काम असेल तेव्हा तोंडावर फडकं असायचं, वर वाफ ओढणारा एक खोकणारा पंखा होता. आईकडे यातलं काहीच नव्हतं. बाबांनी निकाल ऐकला आणि चहा न पिता कारखान्यात गेले.

ते मालकांकडे गेले होते. कपडे धुवायचं मशीन कारखान्यात बसवा, कपडे तिथेच राहू द्या, आंघोळीला एक खोली द्या, असं त्यांनी सांगितलं. मालक म्हणाले, बघू. पुढच्या आठवड्यात म्हणाले, बघतोय. त्यानंतर म्हणाले, "उस्ताद, इतकी वर्षं कपडे घरी जातातच की. कुणाचं काय बिघडलं?"

त्या संध्याकाळी सुट्टीचा भोंगा झाला आणि टाकीवरच्या सगळ्यांनी कपडे उतरवले. बाबांनी आधी, मग बाकीच्यांनी. बफिंगवाल्याचा तर टाकीशी संबंधही नव्हता, पण भीतीने त्यानेही उतरवले. सगळा पिवळट, भोकाभोकांचा ढीग मालकांच्या टेबलावर रचला, वर बाबांचा शर्ट नीट घडी घालून ठेवला आणि सगळी फौज बनियन-चड्डीवर रस्त्याने निघाली. पुढे माझे बाबा, ताठ मानेने. गल्लीतल्या बायका खिडक्या लावून घेत होत्या आणि फटीतून हसत होत्या. दुकानदार दुकानाबाहेर आला. आई दारात उभी होती. तिने बाबांना आपादमस्तक बघितलं आणि म्हणाली, "अहोऽऽ, आत या आधी."

"कपडे कुठायत?" मी विचारलं.

"मालकांकडे धुवायला टाकलेत," बाबा म्हणाले.

सकाळी मालक लालेलाल होऊन वाट बघत होते. हे पुढचं मला बफिंगवाल्याच्या बायकोकडून कळलं. ती दुपारीच आमच्याकडे आली होती आणि तिने आईला आणि मला सगळं अभिनयासकट करून दाखवलं.

"हे काय माझ्या टेबलावर?" मालक ओरडले होते.

"कपडे," बाबा म्हणाले. "घरी न्या. वहिनी धुतील. कुणाचं काय बिघडतंय?"

 मालकांनी ढिगाकडे बघितलं. त्यांच्या हातात रुमाल होता, तो त्यांनी हळूच तोंडाला लावला. नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात, ते काही खोटं नाही. "मशीन येईल," ते म्हणाले. "आंघोळीची खोलीपण होईल. तोवर कपडे इथेच ठेवा, लॉन्ड्रीवाला घेऊन जाईल, त्याला सगळं सांगून देऊ." सगळ्यांनी टाळ्या वाजवायला हात उचलले.

"पण उस्ताद," मालक म्हणाले, "माझ्या बायकोचं नाव चारचौघांत घेतलंत. सगळ्यांसमोर माफी मागा आणि म्हणा, मस्करी केली, वहिनींना ते कपडे द्यायला नको होते. तर टाकी तुमची. नाहीतर आजपासून पॅकिंग."

एवढंच म्हणायचं होतं. बाबांनी आयुष्यभर प्रत्येक गोष्टीनंतर 'मस्करी केली' म्हटलं होतं. त्यांना ते सर्वांत सोपं होतं. बफिंगवाला त्यांना कोपराने ढोसत होता, "म्हण ना, म्हणून टाक."

"वहिनींना द्यायला नकोत, हे खरंय," बाबा म्हणाले. "कुणाच्याच बायकोला द्यायला नकोत. मस्करी नाही केली मी." आणि ते मागच्या खोलीत गेले, एका खोक्यावर बसले आणि नळ कागदात गुंडाळायला लागले.

सगळं करून दाखवून बफिंगवाल्याची बायको घरी गेली.

संध्याकाळी बाबा घरी आले. साधा शर्ट, केस कारखान्यातल्याच नळावर धुतलेले, अंगाला कारखान्याचा डाग नाही. अशा वेळी ते दारातूनच काहीतरी ओरडत येत. त्या दिवशी चपला काढून गुपचूप येऊन बसले.

"काय म्हणाले मालक?" आईने विचारलं.

"मशीन येतंय," बाबा म्हणाले. "झालं तुझं काम."

"आणि तुमचं?"

"माझं काय." ते भिंतीकडे बघत होते. "वय झालं म्हणाले. नजर गेलीय, चकाकी कळत नाही तुम्हाला. टाकीवर तरुण माणूस हवा म्हणाले. काढलं मला."

मी तोंड उघडलं. आईने माझ्याकडे एकदाच बघितलं आणि मी ते मिटलं. बाबांची थाप तिने आजवर एकही सोडली नव्हती. भर पाहुण्यांत, भर रस्त्यात, कुठेही ती त्यांना पकडायची.

"मालकांना काय कळतंय," ती म्हणाली. "चांगली आहे नजर तुमची."

"आहे ना?" बाबांनी विचारलं.

"आहे तर," आई म्हणाली आणि चहा ठेवायला आत गेली. मी मागोमाग गेले तर ती ओट्याशी पाठमोरी उभी होती, रडत होती, आणि त्यांना ऐकू जाऊ नये म्हणून तिने नळ मोठा सोडून ठेवला होता.